कार्डाचा पहिला पावसाळा

आमच्या घरात कुठल्याही वस्तूबद्दल मत द्यायचा पहिला मान माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. आणि त्या मत लगेच देत नाहीत. नवी छत्री असो, चप्पल असो, नाहीतर पडवीवर घातलेला पत्रा असो, त्यांचं वाक्य ठरलेलं: "एक पावसाळा काढू दे, मग बोलू." जव्हारला राहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. इथे पावसाळ्यात धुकं सरळ घरात येऊन बसतं, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या साड्यांना वास येतो आणि काडेपेटी चुलीजवळ ठेवली तरच पेटते. यातून जे धड बाहेर पडतं, ते चांगलं.

मी या घरात लग्न होऊन आले ती मे महिन्यात. दसऱ्यापर्यंत जाऊबाईंनी मला ना बरं म्हटलं ना वाईट. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याचं पान हातात देताना म्हणाल्या, "टिकशील तू." मी मूळची तोंडाळ. म्हटलं, "टिकेन नाहीतर जाणार कुठे, वहिनी? जीप चुकलीय माझी." त्या इतक्या हसल्या की सोन्याची पानं हातातून पडली. तेव्हापासून आमचं मेतकूट आहे.

तर गेल्या वर्षी ही परीक्षा एका क्रेडिट कार्डावर आली.

आधी मेसचं सांगायला हवं. जाऊबाई घराच्या पडवीत मेस चालवतात. बदली होऊन इकडे आलेल्या माणसांना दोन वेळचं जेवण. शाळामास्तर, पंचायत समितीतले कारकून, वावरकडच्या उपकेंद्रात नोकरी करणारी एक सिस्टर, बँकेतला एक तरुण अधिकारी. घरापासून लांब पडलेली ही माणसं संध्याकाळी चिखलाने माखून येतात, पडवीतल्या बाकावर टेकतात आणि पहिला घास गिळल्यावर त्यांचा चेहरा बदलतो. तो बदललेला चेहरा बघण्यासाठी जाऊबाई मेस चालवतात, असं माझं मत आहे. त्या स्वतः म्हणतात, धंदा आहे.

धंदा आहे की नाही, यावरूनच घरात वाद होता. माझे थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, मोखाड्याच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. बोलणं कमी आणि बोलले की कचेरीचा शिक्का मारल्यासारखं. मेसला ते "लष्कराच्या भाकऱ्या" म्हणायचे. डाळ-तेल महागलं तसं मेसचं गणित बसेना आणि दर पावसाळ्यात दादांच्या पेन्शनीतून काहीतरी ओतावं लागायचं. त्यातच एका मोबाइल दुकानवाल्याने पडवी भाड्याने मागितली. दादांनी जाऊबाईंना सांगितलं, "हा एक पावसाळा बघतो. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याचं सगळं सामान भरायचं ते मेसच्या पैशातून, आणि दसऱ्यापर्यंत पुरवायचं. घरातून मेसमध्ये एक पैसा टाकायचा नाही. पुरलं तर मेस तुझी, नाही पुरलं तर पडवी दुकानाला."

जाऊबाई म्हणाल्या, "चालेल."

मला राग आला होता. पण बोलून उपयोग नव्हता, कारण पावसाळ्याची कसोटी लावायची पद्धत त्यांचीच. आता ती त्यांच्यावरच उलटली होती.

कार्ड आलं ते या बोलण्यानंतर आठवड्याभरात. बँकेतला तो तरुण विदर्भातला, बोलायला गोड. पिठलं-भात कालवता कालवता म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी एक मस्त कार्ड आहे. किराण्यावर शंभराला पाच रुपये परत. वरून नाशिकच्या सुपरमार्केटची कुपनं, दर महिन्याला."

मी मनात म्हटलं, आवळा देऊन कोहळा काढायला आला हा. जाऊबाईंनी मात्र डाव बाजूला ठेवला आणि त्याच्यासमोर बसल्या.

"परत देतात ते कुणाच्या खिशातून?"

"बँकेच्या, काकू."

"आणि बँकेला कोण देतं?"

"दुकानदार थोडं देतो. आणि... जे लोक वेळेवर बिल भरत नाहीत, ते देतात."

"म्हणजे विसराळू माणसांच्या जिवावर."

तो हसला, पण नाही म्हणाला नाही. तिथेच जाऊबाईंना तो आवडला. मग त्यांनी एकेक विचारलं. वर्षाची फी किती, एक दिवस उशीर झाला तर काय, दुकान बंद पडलं तर कुपनाचं काय, तेल आणि साबण दोन्ही किराण्यातच धरतात का. मी शाळेत पोरांची तोंडी परीक्षा घेते, पण असं खोदून विचारणं मला जमलेलं नाही. पगार माझा असल्यामुळे कार्ड माझ्या नावावर निघालं, बिल मात्र मेसच्या पैशातून भरायचं ठरलं. पत्रकातल्या चांदणीखालच्या बारीक अटी मी मोठ्याने वाचल्या आणि जाऊबाईंनी तांदूळ निवडता निवडता ऐकल्या. दरमहा अमुक मर्यादेपर्यंत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचलं मी, ऐकलं त्यांनी, आणि दोघींच्याही डोक्यात शिरलं नाही.

का शिरलं नाही ते सांगते. आमच्याकडे मृगाच्या आधी आगोट भरतात. पावसाळ्याचं लागेल ते सगळं, तेलाच्या डब्यापासून मिरची-मसाल्यापर्यंत, एकदाच आणून रचून ठेवायचं. एकदा पाऊस लागला की घाट कधी बंद होईल याचा नेम नाही. वावरला भुकेने पोरं दगावली त्या सुमाराला जाऊबाई या घरात नव्या आलेल्या होत्या. रिकामा डबा त्यांना अजूनही बघवत नाही. तळाशी मूठभर ठेवूनच त्या वर नवं ओततात. त्यामुळे किराणा म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आगोटच येते. महिन्याच्या महिन्याला पिशवीभर सामान आणणारं कुणी असतं, हे माहीत असूनही लक्षात येत नाही.

मेच्या शेवटी आम्ही दोघी नाशिकला गेलो. जाऊबाई सुपरमार्केटला नावं ठेवतील अशी माझी खात्री होती. कसलं काय! आत शिरल्याबरोबर त्या थंडगार हवेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, किती छान मांडलंय गं." सुट्या डाळीच्या पिंपातला एक दाणा त्यांनी दाताखाली धरून कट्कन तोडला. बाजूला उभी असलेली कामाची मुलगी दचकली. जाऊबाई तिला म्हणाल्या, "चांगली वाळलीय. टिकेल. कुणी भरली त्याला सांग." त्या मुलीला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी डाळीची शाबासकी दिली असावी. ती मग आमच्या मागेमागे फिरली, दुसरी ढकलगाडी आणली, तिसरी आणली. पैसे देताना कार्डाचा आवाज झाला तेव्हा जाऊबाईंनी मशीनला हळूच नमस्कार केला. मी हसले, तर म्हणाल्या, "हसू नकोस. मोठी खरेदी आहे."

जीपच्या टपावर सामान ताडपत्रीखाली बांधून परत येताना मोखाड्याला उतरलो. आठवड्याचा बाजार होता. नागली आणि वरई आम्ही तिथल्या एका म्हातारीकडूनच घेतो. टपावरचा ढीग बघून तिने विचारलं, "बाय, यवढा सगला कुठं घेतला?" जाऊबाईंनी पर्समधून कार्ड काढून दाखवलं. म्हातारीने ते उलटंपालटं केलं. "यात माझी नागली बसं का?"

"नाही गं. तुझं आपलं रोख."

"त मंग बरा," म्हणून तिने कार्ड परत दिलं आणि वर मूठभर वरई जास्त घातली. जाऊबाई मला म्हणाल्या, "बघ, हिचं परत देणं इथल्या इथे."

बिल आलं ते माझ्या फोनवर, जूनमध्ये. मी शाळेतून, म्हणजे दाभोशाकडून, भिजून आले होते. परत आलेली रक्कम बघितली आणि मला वाटलं एखादं शून्य गळलंय. पुन्हा अटी काढल्या. महिन्याची मर्यादा. कितीही घ्या, महिन्याला परत मिळणार ते इतकंच. आमची सगळी आगोट एकाच महिन्यात बसली होती, आणि आम्हाला परत मिळालं ते एका लहान घराच्या महिन्याच्या किराण्यावर मिळतं तेवढंच. कुपनांची तीच गत. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, प्रत्येकाचा महिना वेगळा, त्या त्या महिन्यात नाशिकला जाऊन नवीन खरेदी केली तरच उपयोग. ऐन पावसात, घाट ओलांडून.

दादा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "चोराच्या हातची लंगोटी." बस, एवढंच.

बँकवाला त्या वेळी पडवीत जेवत होता. मी तरातरा बाहेर गेले, तोंड उघडलं, आणि जाऊबाईंनी माझा दंड धरला. "जेवत्या माणसाला बोलायचं नाही." मी उभी राहिले. त्याने ताक प्यायलं, हात धुतले, टॉवेलला पुसले. जाऊबाईंनी दंड सोडला. "आता बोल."

मी बोलले. माझं बोलणं ऐकून शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, अटीत होतं ना. एकदम एवढा किराणा कुणी घेत असेल, असं आमच्या डोक्यातच नाही आलं." खोटं नव्हतं. त्याच्या डोक्यात महिना होता आणि आमच्या डोक्यात पावसाळा.

जाऊबाई शांत होत्या. मला वाटलं खचल्या. खरं तर त्या विचार करत होत्या. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कार्डाचा काही दोष नाही गं. ते महिन्याला जेवतं, आपण वर्षाला जेवतो. त्याला महिन्याला जेवणारी माणसं दिली पाहिजेत."

"कुठून आणायची?"

त्यांनी भाकरीनेच पडवीकडे खूण केली.

मला या बाईचं कौतुक वाटतं ते अशासाठी. मेसमधले चारपाच जण नाशिककडचे. शनिवारी दुपारी जीप धरून घरी जायचे, सोमवारी यायचे, आणि घरी गेल्यावर महिन्याचा किराणा भरायचेच. कुपन कुणीही वापरावं अशी त्यात सोय होती. नुसता एक आकडा दाखवायचा. जाऊबाईंनी बाकावर बसलेल्यांना सांगितलं, "कुपन माझं, खरेदी तुमच्या घरची. जे सुटेल त्यातलं निम्मं तुमचं. निम्म्याची डाळ नाहीतर तेल आणून द्यायचं." सिस्टर म्हणाली, "काकू, निम्मं कशाला, सगळंच आणते." जाऊबाई म्हणाल्या, "नको. दोघांचं भलं झालं तरच पुढच्या महिन्याला आठवण राहते."

आणि चाललं ते. सोमवारी सकाळी पडवीत ओल्या छत्र्यांच्या रांगेत तेलाच्या पिशव्या येऊन पडायला लागल्या. सिस्टर साबुदाणासुद्धा घेऊन आली, कारण दादांचा गुरुवार असतो. बँकवाल्याला नाशिकला कुणी नव्हतं. तो दर महिन्याच्या शेवटी कुपनाची आठवण करून द्यायचा. दादा हे सगळं बघत होते. एकदा मला म्हणाले, "तुझी जाऊ कचेरीत असती तर आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो असतो." दादांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे फार झालं.

ऑगस्टमध्ये घाटात दरड कोसळली.

रस्ता बंद, वीज जाऊन येऊन, फोनला रेंज नाही. शनिवारी कुणी घरी जाऊ शकलं नाही, पुढच्या शनिवारीही नाही. सण आले, सुट्ट्या आल्या, तरी सगळी माणसं आमच्या पडवीत. एरवी रविवारी आणि सणाला मेस बंद असते आणि महिन्याचे पैसे तेवढे सोडूनच ठरलेले असतात. जाऊबाईंनी चूल बंद ठेवली नाही. वर रस्त्यात अडकलेला एक जीपवाला आणि त्याच्या गाडीतली माणसंही जेवून गेली. त्या महिन्याचं कुपन तसंच वाया गेलं. पण सुपरमार्केटचं कुपन निजलेलं असताना घरात आगोट जागी होती. डाळ होती, तेल होतं, म्हातारीची नागली होती. ज्या खरेदीला आम्ही चूक म्हणत होतो, तिच्यावर सगळे जेवले.

मी मध्ये एकदा म्हटलंच, "वहिनी, जास्तीच्या जेवणाचे पैसे लावा. तुमचीच मेस पणाला लागलीय."

त्या उसळ ढवळत होत्या. "अडकलेल्या माणसाकडून काय घ्यायचं?"

"मग दसऱ्यापर्यंत पुरणार कसं?"

"ते मलाही दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक वाटी डाळ भिजत टाकली. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं.

नाहीच पुरलं. घटस्थापना झाली आणि दोन-तीन दिवसांत तेलाचा शेवटचा डबा उपडा झाला. डाळीच्या डब्यात फक्त तळाची ती मूठ राहिली. जाऊबाई लपवू शकल्या असत्या. माझ्याकडून उसनं घेऊ शकल्या असत्या, दादांना कळलंही नसतं. मी तसं सुचवलं, तर अशा बघितल्या माझ्याकडे की मी तिथून उठलेच.

रात्रीचं जेवण चालू होतं. दादा आत माजघरात पाटावर, मेसची माणसं बाहेर पडवीत, नेहमीसारखी. जाऊबाई दादांसमोर उभ्या राहिल्या. "आगोट संपली. दसऱ्यापर्यंत नाही पुरली. दुकानवाल्याला बोलवा." मग कार्ड माझ्या हातात ठेवलं. "याचा पावसाळा झाला. चांगलं आहे हे. नाव ठेवण्यासारखं काही नाही. पुढच्या वेळी आगोट फाल्गुनापासून महिन्या-महिन्याला भर, म्हणजे सगळ्यावर परत मिळेल. बिल मात्र एक दिवससुद्धा चुकवू नकोस." स्वतःचा धंदा बुडत असताना ही बाई मला कार्ड कसं वापरायचं ते सांगत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली. बाहेर पडवीत वाट्यांचा आवाज थांबला होता.

दादांनी ताट पुसूनपुसून संपवलं आणि ते उठले.

सकाळी दुकानवाला पडवीचं माप घ्यायला येणार म्हणून मी शाळेला उशिरा जायचं ठरवलं. भांडण करायचं असेल तर घरात एक तरी भांडकुदळ माणूस हवं. पडवीत आले तर बाकावर सिस्टर, एक मास्तर, बँकवाला, आणि त्यांच्या शेजारी दादा. इस्त्रीचा सदरा घालून. इतक्या वर्षांत ते त्या बाकावर कधी बसले नव्हते.

जाऊबाई नाश्त्याचे पोहे घेऊन बाहेर आल्या. पोहे तेवढे उरले होते. दादांना बघून थबकल्या. "तुम्ही इथे काय करताय?"

"जेवण लावायचंय," दादा म्हणाले.

"काय?"

"महिन्याचं जेवण लावायचंय मला. दोन वेळचं." त्यांनी खिशातून पैशाचं पाकीट काढून बाकावर ठेवलं. "रात्रभर विचार केला. आगोट कुणी कुणी खाल्ली, ते आठवत होतो. अडकलेल्या माणसांनी खाल्ली. पण त्याआधी चार महिने, दोन्ही वेळ, मी खाल्ली. हा माझा भाऊ, ही मास्तरीण, सगळ्या घराने त्याच चुलीवरचं खाल्लं, आणि एकानेही पैसे दिले नाहीत. आगोट कशी पुरेल?"

जाऊबाईंच्या हातातलं पातेलं थोडं कलंडलं, ते सिस्टरने धरलं.

"घरातून एक पैसा टाकायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात," जाऊबाई म्हणाल्या.

"टाकत नाहीये. जेवणाचे देतोय. मागच्या चार महिन्यांचे आणि पुढच्याचे. दुकानवाला येईल त्याला मी सांगतो, पडवीत जागा नाही म्हणून."

मी मुकाट्याने आत गेले आणि माझी पर्स घेऊन आले. नवऱ्याला हाक मारली, तोही पाकीट घेऊनच आला.

जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग ताठ उभ्या राहिल्या. बाकावरचं पाकीट उचललं, उघडलं, आत बघितलं आणि दादांकडे बघितलं.

"घरच्यांना सवलत नाही," त्या म्हणाल्या.

"मागितली का मी?"

"आणि रविवारी मेस बंद असते."

दादांनी जरा विचार केला. "मग रविवारी मी कुठे जेवू?"

"रविवारी," जाऊबाई त्यांच्या ताटलीत पोहे वाढत म्हणाल्या, "या माझ्याकडे."